शिकाऱ्याच्या हातात रेंजफाइंडर असावा का?

लोकलमध्ये शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या मोबाइलवर हल्ली काहीही दिसतं. त्यातलाच एक प्रकार म्हणजे परदेशी शिकारीचे व्हिडिओ. डोंगरावर पालथा पडलेला माणूस, दरीपलीकडे ठिपक्याएवढं हरीण. बाजूचा जोडीदार हातातल्या रेंजफाइंडरमधून, म्हणजे अंतर मोजणाऱ्या छोट्या दुर्बिणीतून, बघून एक आकडा सांगतो, बार होतो आणि ठिपका कोसळतो. हे पाहून एक जण म्हणतो, अंतर यंत्राने सांगितलं, मग शिकाऱ्याने काय केलं? दुसरा म्हणतो, अंदाजपंचे गोळी घालून जनावराचा पाय मोडण्यापेक्षा हे बरं की! अमेरिकेतले शिकारी नेमका हाच वाद वर्षानुवर्षं घालत आले आहेत.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने शिकारीचा प्रश्नच निकालात काढला. त्याच्या कलम ९ने शिकारीवर बंदी आहे आणि माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोका असेल तेव्हाचे मोजके अपवाद पुढच्या कलमांत आहेत. त्यामुळे मुंबईत बसून शिकारीचे सल्ले देण्यात अर्थ नाही. पण हा वाद समजून घेण्यासारखा आहे. त्यात शाळेतलं भौतिकशास्त्र आहे, डोळ्यांची फसगत आहे आणि चुकीचा भुर्दंड कोणी भरायचा हा प्रश्न आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: शिकाऱ्याने रेंजफाइंडर वापरावा, पण मुख्यतः बंदूक खाली ठेवण्यासाठी. असं का, ते आता बघू.

गोळी पडते किती?

गोळी सरळ रेषेत जाते हा सिनेमाने करून दिलेला समज. नळीतून बाहेर पडल्या क्षणापासून ती खाली येऊ लागते, हातातून सुटलेला खडा येतो तशीच. खाली येता येता ती प्रचंड वेगाने पुढेही पळत असते, एवढाच फरक.

सेकंदाला ८०० मीटर वेगाची गोळी धरू. हरणाच्या शिकारीला वापरतात त्या बऱ्याच रायफलींचा वेग या आसपास असतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून हवेचा अडथळा सोडून देऊ. १०० मीटर जायला तिला एक अष्टमांश सेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात ती पावणेआठ सेंटिमीटर खाली येते. २०० मीटरवर ३१ सेंटिमीटर, ३०० मीटरवर ६९ आणि ४०० मीटरवर जवळपास सव्वा मीटर. अंतर दुप्पट झालं की घसरण चौपट. हवेमुळे गोळी वाटेत मंदावते, म्हणजे प्रत्यक्षातले आकडे याहून वाईटच.

ही घसरण भरून काढायला नळी नजरेच्या रेषेपेक्षा किंचित वर रोखलेली असते. ठराविक अंतरावर गोळी बरोबर रायफलीवरच्या दुर्बिणीतल्या फुलीवर यावी अशी ती जुळवणी असते आणि तिला ‘झीरो करणं’ म्हणतात. अडचण येते ती जनावर त्या ठराविक अंतरावर नसतं तेव्हा. शिकाऱ्याला वाटलं हरीण ३०० मीटरवर आहे आणि त्याने तसा नेम धरला. हरीण खरं ३५० मीटरवर असेल तर गोळी १३ सेंटिमीटर खाली लागेल. ४०० वर असेल तर ३१ सेंटिमीटर खाली. मध्यम आकाराच्या हरणाचा काळीज-फुप्फुसांचा भाग असतो वीस-पंचवीस सेंटिमीटर व्यासाचा. त्याच्या मधोमध नेम धरला तरी खालीवर दहा-बारा सेंटिमीटरचीच मोकळीक. १३ खाली म्हणजे काठ. ३१ खाली म्हणजे गोळी छातीखालून निघून जाणार, नाहीतर पाय मोडणार, आणि तीन पायांवर पळालेलं हरीण सापडलं तर सापडलं.

३०० मीटर म्हणजे किती, याची कल्पना मुंबईकराला पटकन येईल. बारा डब्यांची लोकल साधारण अडीचशे मीटर लांब असते. गाडीच्या शेवटच्या टोकाला उभं राहायचं आणि मोटरमनच्याही पुढे आणखी दोन-अडीच डब्यांवर असलेलं काहीतरी टिपायचं. ते ३०० आहे की ३५०, हे नुसत्या डोळ्यांनी छातीठोक सांगणारा माणूस मला भेटायचा आहे.

आता याची दुसरी बाजू, जी दुकानदार सहसा सांगत नाही. जवळच्या अंतरावर हीच चूक जवळजवळ फुकट असते. १०० मीटर समजून नेम धरला आणि हरीण १५० वर निघालं, तर गोळी जेमतेम सहा सेंटिमीटर खाली लागते, म्हणजे काळजाच्याच भागात. शिवाय रायफल अशी झीरो करता येते की गोळी आधी नजरेच्या रेषेच्या थोडी वर राहते आणि मग थोडी खाली येते. मग सुमारे अडीचशे मीटरपर्यंत अंतराचा विचार न करता सरळ मधोमध नेम धरला तरी चालतं. यंत्रं नव्हती तेव्हाच्या शिकाऱ्यांचं निभलं ते बरंचसं याच्या जोरावर. दोनशे मीटरच्या आत रायफलवाल्याला रेंजफाइंडर लागतोच असं नाही.

धनुष्यबाणाची गोष्ट वेगळी. अमेरिकेत धनुष्याने शिकार करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या आधुनिक कंपाउंड, म्हणजे टोकांना कप्प्या लावलेल्या, धनुष्याचा बाण सेकंदाला ८५ मीटरच्या आसपास जातो. ऐकायला जोरदार वाटतं, पण गोळीच्या तुलनेत हा वेग नऊ-दहा पटींनी कमी. ३० मीटरवर बाण ६१ सेंटिमीटर खाली आलेला असतो, ४० मीटरवर एक मीटरहून जास्त. ३० मीटर समजून ३५ वरच्या हरणावर बाण सोडला तर तो १२ सेंटिमीटर खाली लागतो. थोडक्यात, रायफलवाल्याला पन्नास मीटरची चूक जेवढी महाग पडते, तेवढीच धनुर्धाऱ्याला पाच मीटरची पडते. आणि पाच मीटरची चूक डोळा कधीही करू शकतो.

डोळा का फसतो?

नरिमन पॉइंटच्या टोकाला उभं राहून पाण्यापलीकडे मलबार हिलच्या टोकाकडे बघा. मनात आणलं तर पोहत जाता येईल असं वाटतं. सरळ रेषेत ते अंतर तीन किलोमीटरच्या वर आहे. डोळा अंतर ओळखतो तो मधल्या वस्तूंच्या आधारावर: झाडं, माणसं, खांब, रस्त्याची रुंदी. मध्ये सपाट पाणी असलं की हे सगळे टेकू नाहीसे होतात आणि पलीकडचा किनारा जवळ सरकल्यासारखा दिसतो. शिकाऱ्यासमोर पाण्याऐवजी दरी असते. दरीचा तळ दिसत नाही, म्हणून पलीकडचा उतार हाताशी असल्यासारखा भासतो. लख्ख उन्हात उठून दिसणारी वस्तूही जवळ वाटते, आणि संध्याकाळी अंधुक उजेडात तीच लांब गेल्यासारखी दिसते. शिकारीची वेळ नेमकी पहाटेची नाहीतर सांजेची.

दुसरी फसगत आकाराची. ओळखीची वस्तू किती मोठी दिसते त्यावरून आपण अंतर ठरवतो. आयुष्यभर साठ-सत्तर किलोच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांमागे फिरलेला शिकारी कोलोराडोत एल्कच्या शिकारीला जातो. एल्क म्हणजे सांबराच्या जातकुळीतलंच, पण तीनशे किलोंचं धूड. ते दुर्बिणीत एवढं मोठं दिसतं की शिकारी ते आहे त्यापेक्षा बरंच जवळ समजतो, आणि गोळी खालून जाते. पाडसाच्या बाबतीत याच्या उलट. वर्षानुवर्षांचा अनुभव इथे उपयोगी पडत नाही. अनुभव एका आकाराचा असतो आणि समोर वेगळा आकार उभा राहतो.

यंत्र काय करतं?

पूर्वी अंतर मोजायला दोन भिंगांची लांबलचक यंत्रं असत. युद्धनौकांवर ती बसवलेली असत. १९६० साली थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर चालवून दाखवला आणि त्या दशकातच सैन्याकडे लेसरचे रेंजफाइंडर आले. शिकाऱ्यांच्या खिशात मावणारी आवृत्ती १९९०च्या दशकातली.

तत्त्व साधं आहे. यंत्र डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा एक क्षणिक झोत सोडतं, तो समोरच्या वस्तूवर आपटून परततो आणि जाऊन-येऊन किती वेळ लागला त्यावरून अंतर काढलं जातं. अवघड काय असेल तर तो वेळ मोजणं. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो. १०० मीटर जाऊन परत यायला त्याला लागतात ६६७ नॅनोसेकंद, आणि एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. एका मीटरचा फरक ओळखायचा तर यंत्राला पावणेसात नॅनोसेकंदांचा फरक कळला पाहिजे. खिशातलं यंत्र हे काम रोज बिनबोभाट करतं, याचं मला अजून नवल वाटतं. एकाच झोतावर विसंबून न राहता ते अनेक झोत सोडून त्यांचा मेळ घालतं.

मात्र यंत्र सांगतं ते ‘जिथून प्रकाश परतला त्याचं’ अंतर. ते हरणाचंच असेल असं नाही. मध्ये गवताची काडी किंवा फांदी आली तर तिचं अंतर येतं, हात हलला तर मागच्या टेकडीचं. धुक्यात आणि पावसात झोत वाटेतच विखुरतो. खोक्यावर हजार यार्ड लिहिलेलं असतं ते चकचकीत पाटीसारख्या वस्तूचं. हरणाच्या केसाळ, मळकट अंगावरून प्रकाश कमी परततो, म्हणून हरणासाठी खरा पल्ला त्याहून पुष्कळ कमी. जाणकार हरणाऐवजी त्याच्या शेजारचा मोठा दगड किंवा झाडाचं खोड मोजतात. आणखी एक गंमत म्हणजे यार्ड आणि मीटर. ३०० यार्ड म्हणजे २७४ मीटर. यंत्र एका मापावर आणि कुठल्या अंतराला किती वर नेम धरायचा हे सांगणारा रायफलीच्या दुर्बिणीचा तक्ता दुसऱ्या मापावर असेल, तर एवढं महाग यंत्र घेऊनही चूक अंदाजाएवढीच.

उताराचा मुद्दा बऱ्याच जणांना उलटा वाटतो. मचाणावरून खाली किंवा डोंगरावर वर, कुठेही नेम धरला तरी बाण वरच लागतो. कारण बाण खाली किती येणार हे आडव्या अंतरावर ठरतं, तिरक्या अंतरावर नाही. ३० अंशांच्या उतारावर ४० मीटर दूर असलेल्या हरणाचं आडवं अंतर साडेचौतीस मीटरच्या आसपास भरतं. नेम साडेचौतीसचा धरायचा. नवीन यंत्रं कोन मोजून हा हिशेब स्वतःच करतात. गोल्फच्या नियमांत याच्याशी जुळणारी एक मजेशीर रेघ आहे: २०१९पासून अंतर मोजणारं यंत्र वापरायला सर्वसाधारण मुभा आहे, पण चढ-उताराचा हिशेब देणारी सोय बंद ठेवावी लागते.

मग आक्षेप कशावर?

अमेरिकेत थिओडोर रूझवेल्ट यांनी पुढाकार घेऊन १८८७ साली बून अँड क्रॉकेट क्लब स्थापन केला. ‘फेअर चेज’ ही कल्पना रुजवण्यात त्याचा मोठा वाटा. शिकारी आणि जनावर यांच्यात जनावराला निसटायची खरी संधी राहिली पाहिजे, असा तिचा गाभा. हरणाची शस्त्रं म्हणजे नाक, कान आणि डोळे. शिकारी इतक्या लांबून गोळी घालत असेल की वास नाही, आवाज नाही, हालचाल दिसत नाही, तर हरणाला संधी कुठली? या क्लबने लांब पल्ल्याच्या शिकारीविरुद्ध भूमिका घेतली आहे. ती घेताना त्यांनी अमुक मीटरपुढे नको अशी रेघ ओढलेली नाही. जनावर मिळवण्यापेक्षा आपली बंदूक किती लांब मारते हे बघणं हाच हेतू असेल, तर ते शिकारीत बसत नाही असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं.

कायद्यांनी मात्र रेघा ओढल्याच. आयडाहो राज्यात मोठ्या जनावरांच्या शिकारीला १६ पौंडांहून, म्हणजे सव्वासात किलोंहून जड रायफल चालत नाही. अतिलांब पल्ल्याच्या रायफली जड असतात, त्या आपोआप बाद होतात. त्याच राज्यात धनुष्याला जोडलेली इलेक्ट्रॉनिक साधनं चालत नाहीत. २०१८ साली गार्मिन या कंपनीने धनुष्यावरच बसणारा, अंतर मोजून नेमाचा ठिपका दाखवणारा रेंजफाइंडर बाजारात आणला, तेव्हा हा वाद आणखी तापला. हातात धरलेलं यंत्र चालतं, धनुष्यावर बसवलेलं चालत नाही, हा भेद कोणाला केस चिरण्यासारखा वाटेल. पण त्यात तथ्य आहे. हातातलं यंत्र वापरायला एक हालचाल करावी लागते, जनावर ती हालचाल बघू शकतं, आणि मोजल्यानंतर जनावर दोन पावलं सरकलं तर विचार पुन्हा करावा लागतो. म्हणून तर धनुर्धारी मचाणावर बसल्या बसल्याच आजूबाजूच्या चार-पाच झाडांची अंतरं मोजून लक्षात ठेवतात आणि यंत्र खिशात टाकतात.

कौशल्याचं काय, असा एक आक्षेप राहतो. त्याचं उत्तर मला एका खेळात सापडतं. रेंजवरच्या नेमबाजीत हा प्रश्नच नसतो. स्वप्नील कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवलं ती स्पर्धा ५० मीटरची, आणि ते ५० मीटर सगळ्यांना आधीपासून ठाऊक. पण ‘फील्ड आर्चरी’ नावाचा तिरंदाजीचा एक प्रकार आहे. रानात, चढ-उतारावर लक्ष्यं मांडलेली असतात आणि त्यातल्या काहींची अंतरं मुद्दाम सांगत नाहीत. रीकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) आणि कंपाउंडवाल्यांसाठी ती १० ते ५५ मीटरच्या दरम्यान कुठेही असतात, आणि अंतर मोजायच्या यंत्राला तिथे सक्त मनाई. हा नियम मला अगदी योग्य वाटतो. तिथे अंतर चुकलं तर खेळाडूचे गुण जातात. शिकारीत अंतर चुकलं तर शिकाऱ्याचं काहीच जात नाही, जखम घेऊन पळतं ते हरीण. ज्याला आपली नजर सिद्ध करायची आहे त्याने ती पुठ्ठ्यावर सिद्ध करावी.

आकडा कळला, तरी

यंत्राचा सगळ्यात मोठा धोका हा की ते एकच चूक काढून टाकतं आणि माणसाला वाटतं सगळ्याच गेल्या.

वाऱ्याचं बघा. ताशी १५ किलोमीटरचा आडवा वारा म्हणजे फार नव्हे, दुपारी दादर चौपाटीवर असतो तसा. एवढ्या वाऱ्यात साधारण शिकारी गोळी ५०० मीटरवर अर्ध्या मीटरहून जास्त बाजूला सरकते. रेंजफाइंडरला वारा दिसत नाही, आणि शिकाऱ्याजवळचा वारा आणि दरीतला वारा एकच असेल असंही नाही. शिवाय तिथवर पोहोचायला गोळीला पाऊण सेकंद तरी लागतो. चरणारं हरीण तेवढ्यात एक पाऊल पुढे टाकतं आणि छातीवरची गोळी पोटात जाते.

धनुष्यात तर जनावर चक्क ऐकून खाली बसतं. दोरीचा आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ४० मीटरवर तो ०.१२ सेकंदात पोहोचतो. बाणाला लागतात ०.४७ सेकंद. दोन्हींच्या मध्ये हरणाला एक तृतीयांश सेकंद मिळतो. दचकलेलं हरीण पळण्यासाठी आधी पाय दुमडून अंग खाली घेतं, आणि नुसतं वजन सोडलं तरी ०.२ सेकंदांत शरीर २० सेंटिमीटर खाली येतं. अंतर अचूक मोजलेलं, नेम अचूक, तरी बाण पाठीवरून. याला कुठल्याही यंत्रात उत्तर नाही. जवळ जाणं हेच उत्तर.

म्हणून मर्यादा आधी ठरलेली हवी. सरावाच्या मैदानावर, बाकावर रायफल टेकवून नव्हे तर बसून, गुडघ्यावर, दम लागलेल्या अवस्थेत, दहापैकी दहा वेळा वीस सेंटिमीटरच्या ताटलीत गोळी बसते ते सगळ्यात लांबचं अंतर कुठलं? तीच त्या माणसाची हद्द. ती कोणाची १५० मीटर असेल, कोणाची ३००. रेंजफाइंडरने हद्दीपलीकडचा आकडा दाखवला की विषय संपला. यंत्राचा आकडा बघून हद्द वाढवायला लागलेला शिकारी मात्र पूर्वी अंदाजाने २५० वर चुकायचा तो आता मोजून ६०० वर चुकतो.

आपल्याकडे हे गणित बंदुकीपेक्षा जनावराला बेशुद्ध करणाऱ्या डार्टच्या बाबतीत खरंखुरं सोडवावं लागतं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शंभर चौरस किलोमीटरच्या वर पसरलेलं, आणि भोवती बोरिवली, मुलुंड, ठाणे, आरे. बिबट्या वस्तीत अडकला की वन विभागाच्या पथकाला आणि पशुवैद्यकांना बोलावलं जातं. बिबट्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणं किंवा बेशुद्ध करून हलवणं शक्य नाही याची मुख्य वन्यजीव रक्षकांची खात्री झाल्याशिवाय त्याला मारण्याचा आदेश देता येत नाही.

डार्ट म्हणजे औषधाने भरलेली, सुई लावलेली जड नळी. ती गोळीपेक्षा फारच सावकाश जाते, म्हणून झपाट्याने खाली येते. डार्टच्या बंदुकीत वायूचा दाब अंतरानुसार वर-खाली करता येतो, आणि कुठल्या अंतराला किती दाब याचा तक्ता सोबत असतो. अंतर कमी समजलं तर डार्ट बिबट्याच्या अलीकडे पडतो आणि तो बिथरतो. अंतर जास्त समजलं तर जादा दाबाने आलेला डार्ट मांडीच्या स्नायूत थांबण्याऐवजी खोल घुसतो, हाडही मोडू शकतो. बरोबर बसला तरी औषध चढायला काही मिनिटं जातात, आणि तेवढा वेळ गच्चीवरच्या गर्दीला आवरावं लागतं. या कामात अंतर मोजावं की अंदाजाने चालवावं असा वादच नाही. मोजायचं, दाब लावायचा, बिबट्या हलला की पुन्हा मोजायचं. अंतर तक्त्याबाहेर गेलं तर डार्ट सोडायचा नाही, पिंजरा मागवायचा.